उपकार न विसरणाऱ्या माणसांच्या गोष्टी: चिनी ऐतिहासिक-अद्भुत मालिका आणि कादंबऱ्यांचा अनुभव

गेले काही महिने रात्रीच्या जेवणानंतरचा माझा वेळ चिनी ऐतिहासिक-अद्भुत मालिकांना आणि त्यांच्या मूळ कादंबऱ्यांना दिला. आता खात्रीनं सांगते, हा प्रकार जीव लावून बघण्या-वाचण्यासारखा आहे आणि शक्य असेल तिथे मालिका आणि पुस्तक दोन्ही घ्यावं. तलवारीवर उभं राहून उडणारी माणसं, हजारो वर्षं जगणारे देव, पाकळ्यांचा पाऊस हे सगळं इथे भरपूर आहे. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ही माणसं झालेला उपकार विसरत नाहीत आणि झालेला अन्यायही विसरत नाहीत. चांगल्या कथेत सगळं राजकारण, सगळी मंत्रशक्ती या आठवणीभोवती फिरते. ती आठवण जिथे नाही, तिथे उरतात फक्त सुंदर कपडे.

नव्या माणसाला आधी नावांचा गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात. 'वूशिया' म्हणजे मर्त्य योद्ध्यांच्या कथा. माणसं छपरांवरून उड्या मारतात, पण मरतातही. 'शियानशिया' म्हणजे साधना करून अमरत्वाकडे निघालेल्यांच्या कथा. तिथे देवलोक, दानवलोक, जन्मजन्मांतर सगळं येतं. आणि तिसरा दरबारी कारस्थानांचा प्रकार, ज्यात जादू जवळपास नसते, पण राज्य काल्पनिक असतं. सीमारेषा पुसट आहेत. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा एखादी चांगली कथा उघडावी.

माझ्यासाठी ती कथा 'निर्वाण इन फायर' ठरली. २०१५ ची, ५४ भागांची मालिका. कादंबरी हाय यान यांची आणि पटकथाही त्यांचीच, म्हणून कुठेही मूळ गोष्टीचा सूर हरवत नाही. राज्याचं नाव लियांग, राजधानी जिनलिंग, म्हणजे आजचं नानजिंग. बारा वर्षांपूर्वी राजद्रोहाचा खोटा आरोप ठेवून सत्तर हजारांची एक फौज संपवलेली आहे. त्यातून वाचलेला तरुण सेनानी लिन शू विषबाधेवरच्या भयंकर उपचारानंतर ओळखू न येणारा चेहरा आणि पोखरलेलं शरीर घेऊन मेई छांगसू या नावानं राजधानीत परततो. त्याला गादी नको आहे. त्याला हवंय ते इतकंच की मेलेल्यांच्या नावावरचा कलंक राजदरबारात, सगळ्यांसमोर पुसला जावा. यासाठी तो निवडतो तो राजपुत्र जिंगयान, त्याचा बालमित्र, जो समोर बसलेल्या या आजारी मुत्सद्द्याला ओळखत नाही आणि कारस्थानी म्हणून त्याचा तिरस्कारही करतो.

यातल्या एका मोत्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जिंगयान पूर्वसमुद्राकडे निघाला होता तेव्हा लिन शूनं त्याला कबुतराच्या अंड्याएवढा मोती आणायला सांगितलं होतं, गोटी म्हणून खेळायला. जिंगयान मोती घेऊन परत आला तेव्हा मित्र उरला नव्हता. तो मोती त्यानं जपून ठेवलाय. आता त्याच मोत्याबद्दल तो बोलतो आणि ज्याच्यासाठी मोती आणला तोच समोर शांतपणे ऐकत असतो. हू गं या अभिनेत्यानं मेई छांगसू करताना आवाज कुठेही चढवलेला नाही. विचारात असताना वस्त्राची कड बोटांत चोळायची लहानपणची सवय तेवढी त्याला सोडवत नाही. सत्तर हजार मृतांचं ओझं दाखवायला युद्धाची दृश्यं लागत नाहीत, हे या मालिकेनं मला दाखवलं.

शेवटाकडे बादशहाच्या वाढदिवसाच्या दरबारात राजकन्या लीयांग पुढे येऊन आपल्याच नवऱ्याचा कबुलीजबाब मांडते आणि एकेक मंत्री 'माझंही अनुमोदन' म्हणत पुढे सरकतो. तो भाग मी लगेच पुन्हा लावला. तिथे एकही तलवार चालत नाही.

दुसरी मोठी गोष्ट 'द अनटेम्ड', २०१९ ची, ५० भागांची. मूळ कादंबरी मो शियांग थोंग शिऊ या टोपणनावाच्या लेखिकेची, आधी इंटरनेटवर क्रमशः आलेली; अधिकृत इंग्रजी अनुवाद पाच खंडांत मिळतो आणि तो घ्याच. प्रत्येक खंडात पात्रांची यादी, उच्चार आणि शब्दसूची आहे. सुरुवातीला मी मजकुरापेक्षा त्या पानांवरच जास्त वेळ होते. इथे एकाच माणसाला जन्मनाव, प्रौढपणी मिळालेलं नाव आणि लोकांनी दिलेली उपाधी अशी तीन-तीन नावं असतात. आपल्याला पार्थ, धनंजय, सव्यसाची एकच हे लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे आठवड्याभरात सवय होते. मग कोण कोणाला कोणत्या नावानं हाक मारतो, यावरून जवळीक आणि राग दोन्ही कळायला लागतात.

वेई वूश्यान हा अनाथ मुलगा जियांग घराण्यात वाढतो. घराच्या मालकिणीला तो डोळ्यांसमोर नको असतो, मालकाचा तो लाडका, आणि त्यांची मुलगी त्याला सख्ख्या भावासारखं कमळकाकडी आणि डुकराच्या बरगड्यांचं सूप करून घालते. त्या सुपाचं ऋण तो ज्या पद्धतीनं फेडतो, ते इथे फोडत नाही. एवढंच सांगते की या जगात साधकाच्या पोटात, नाभीखाली, वर्षानुवर्षांच्या साधनेतून तेजाचा एक गाभा तयार होतो, त्याच्या जोरावर तो तलवारीवर उडतो, आणि कथेचा सगळा ताण त्या गाभ्याशी जोडलेला आहे. ताओ पंथाच्या अंतःसाधनेतून आलेली ही कल्पना कुंडलिनीबद्दल ऐकलेल्या माणसाला परकी वाटत नाही. वेगळी वाटते ती तिची किंमत. इथे शक्ती मिळवणाऱ्यापेक्षा ती देऊन टाकणाऱ्याची गोष्ट सांगितली आहे.

पुस्तक आणि मालिका एकमेकांशेजारी ठेवल्यावर काय बदललं ते दिसतं, आणि मला यात सगळ्यात जास्त रस वाटला. कादंबरीत नायक मेल्यावर तेरा वर्षांनी परत येतो, मालिकेत सोळा. कादंबरी वर्तमानात चालते आणि अधूनमधून मागे वळते. मालिका पहिल्या दोन भागांनंतर भूतकाळात शिरते ती तिसाव्या भागापलीकडेच बाहेर येते. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांना ते पहिले दोन भाग अगदी अंधारात चाचपडल्यासारखे वाटतात. ते नेटानं पार करा. कादंबरीतली दोन पुरुषांची प्रेमकथा चीनच्या प्रसारण नियमांमुळे मालिकेत जिवाभावाच्या सख्यावर थांबते, आणि कादंबरीतली मंत्रानं चालवलेली प्रेतं मालिकेत बाहुल्यांसारखी नियंत्रित माणसं होतात. पहिल्या बदलाची मला हळहळ वाटली, पण दिग्दर्शनानं नजरेत आणि संगीतात बरंच राखून ठेवलंय. गूछिन या सात तारांच्या चिनी वाद्यावर मृतात्म्यांना प्रश्न विचारण्याची दृश्यं पुस्तकात वाचताना छान वाटतात. ऐकताना अंगावर काटा येतो.

आई माझ्यासोबत अधूनमधून बसायची. 'द अनटेम्ड'मधल्या लान घराण्याची शुभ्र वस्त्रं बघून तिनं विचारलं, "अगं, यांच्या घरात कोण गेलंय? सगळेच पांढऱ्यात?" गंमत म्हणजे कादंबरीत वेई वूश्यानही त्या गणवेशाला सुतकाचे कपडे म्हणून चिडवतो. चीनमध्येही शोकाचा रंग पांढराच. अशा ठिकाणी आपल्याला तळटीप लागत नाही. देवलोकातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष हे शियानशियातलं गणितही तसंच. ब्रह्मलोकात क्षणभर थांबलेल्या ककुद्मी राजाची आणि रेवतीची गोष्ट ऐकलेल्या घरात ते समजावून सांगावं लागलं नाही.

'जॉय ऑफ लाइफ' हलकीफुलकी सुरू होते. माओ नी यांची कादंबरी, २०१९ मध्ये ४६ भाग, मग थेट २०२४ मध्ये ३६ भागांचं दुसरं पर्व. आधुनिक जगाच्या आठवणी घेऊन जन्मलेला फान श्यान दरबारात येतो आणि दारूच्या भरात थांग-सोंग काळातल्या कवींच्या कवितांमागून कविता म्हणून विद्वानांना गार करतो. हे धमाल आहेच. पण ज्या बदलामुळे मी ही मालिका गंभीरपणे घेतली तो थंग झीजिंगचा. कादंबरीत हा अंगरक्षक जगतो. मालिकेत तो फान श्यानला वाचवताना मरतो. मग सगळी राजधानी त्याला समजावत राहते की तो तर नुसता रक्षक होता, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. फान श्यान मनाला लावूनच घेतो. एका सामान्य माणसाच्या जिवाला किंमत आहे एवढंच म्हणण्यासाठी तो दरबाराशी वैर पत्करतो. मूळ पुस्तकाहून चांगला निर्णय पटकथेनं घेतल्याची इतकी स्पष्ट उदाहरणं कमी सापडतात. छिंग या काल्पनिक राज्याच्या बादशहाच्या भूमिकेतले छेन दाओमिंग सैल झग्यात, केस मोकळे सोडून बसतात आणि तरी समोरच्याचा घसा कोरडा पडतो.

आता जे आवडलं नाही ते. इंटरनेटवरच्या साधना-कादंबऱ्यांपैकी बऱ्याच मी अर्ध्यावर सोडल्या. पहिली पायरी, दुसरी पायरी, विजेची अग्निपरीक्षा, नवा पंथ, नवा गर्विष्ठ तरुण, त्याची जिरवणे, पुन्हा पुढची पायरी. चीनमधल्या मोठ्या कादंबरी-संकेतस्थळांवर वाचक अक्षरसंख्येच्या हिशेबानं पैसे देतात, त्यामुळे लेखकाला लांबवण्याचा मोह होतो आणि हजार-दीड हजार प्रकरणं सहज होतात. नायक कोणाचंच देणं लागत नाही, म्हणून तो जिंकला काय आणि हरला काय. मालिकांमध्येही शियानशियाचा शेवटचा तिसरा हिस्सा अनेकदा रडवून रडवून पाणी घातलेला असतो: पुन्हा विस्मरण, पुन्हा बलिदान, पुन्हा तेच आठवणींचे तुकडे. नायिकेच्या वाट्याला यातना आणि नायकाच्या वाट्याला पश्चात्ताप ही वाटणी मला खटकत राहिली. 'लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल' (२०२२, ३६ भाग) यातून बऱ्यापैकी सुटते, कारण मंत्रबंधनामुळे तिला लागलं की त्यालाही लागतं; भावनाच काढून घेतलेल्या दानवराजाला दुसऱ्याचं दुःख अक्षरशः अंगावर घ्यावं लागतं.

लांबीबद्दल एक उपयोगी माहिती: २०२० मध्ये चीनच्या प्रसारण नियामकानं मालिका ४० भागांच्या आत ठेवायला सांगितलं, त्यामुळे त्यानंतरच्या काही वर्षांतल्या मालिका बहुतेक तिथेच थांबल्या; २०२५ मध्ये ही मर्यादा सैल झाली. वेळ कमी असेल तर वर्ष बघून निवडा. आवाजांबद्दलही: ऐतिहासिक मालिकांत पात्राचा आवाज बऱ्याचदा त्या नटाचा नसतो. 'द अनटेम्ड'मध्ये दुसरा नायक लान वांगजी म्हणून दिसतो वांग यीबो, बोलतो मात्र ब्येन ज्यांग हा आवाज-कलाकार. सुरुवातीला ओठ आणि शब्द किंचित सुटे वाटतात, मग कान जुळतो. आणि महालाच्या त्याच पायऱ्या वेगवेगळ्या राजवटींत दिसल्या तर चकित होऊ नका; झेजियांग प्रांतातल्या हंगदियान इथल्या विशाल चित्रनगरीत बीजिंगच्या राजवाड्याची प्रतिकृतीच उभी आहे आणि निम्मं चिनी इतिहासविश्व तिथेच चित्रित होतं.

भारतातून बघायचं तर टेन्सेंट या चिनी कंपनीचं वीटीव्ही (WeTV) अॅप नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी अॅप्सवर आलेल्या बंदीत गेलं. यूट्यूबवरच्या अधिकृत वाहिन्या, नेटफ्लिक्स आणि विकी (Viki) हे आशियाई मालिकांचं संकेतस्थळ एवढ्यावर माझं भागलं. विकीवरची उपशीर्षकं बरीचशी स्वयंसेवक करतात आणि दरबारी शिष्टाचाराच्या जागी ते छोटी टीप टाकतात, ती फार कामाची. मराठी उपशीर्षकं मला कुठेच सापडली नाहीत. काही मालिका हिंदीत डब झाल्यात. आईला त्या सोप्या पडल्या, मला मात्र त्यात संबोधनांतला मान-अदब हरवल्यासारखा वाटला.

एक जोड मला वाचता वाचता मिळाली, ती सांगते. 'जर्नी टू द वेस्ट' या मिंग काळातल्या शंभर अध्यायांच्या कादंबरीतला भिक्षू म्हणजे खरा श्वानझांग, आपण शाळेत शिकलेला ह्युएन त्संग. तो ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. इथल्या लोकांबद्दल त्यानं लिहिलंय की उपकारकर्त्याशी ते कृतज्ञ असतात आणि शत्रूला सोडत नाहीत. अपमान झाला तर जीव पणाला लावतात, संकटात कोणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा तर शत्रूला आधी इशारा देऊन, दोघांच्या हाती शस्त्र असतानाच लढतात. वूशियातल्या वीराची आचारसंहिता याहून वेगळी काय असते? त्या प्रवाशानं आपल्या पूर्वजांकडे बघितलं तेव्हा त्याला त्याच्या ओळखीचे गुण दिसले, याचा मला खूप आनंद झाला.

सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं: राजकारण आवडत असेल तर 'निर्वाण इन फायर', आणि पहिल्या पाच-सहा भागांत घराणी, राजपुत्र, त्यांच्या आया कागदावर लिहून ठेवा. अद्भुताकडे ओढा असेल तर 'द अनटेम्ड', सोबत पहिला खंड हाताशी. 'जॉय ऑफ लाइफ' तिसरी ठेवा. दुसऱ्या पर्वाच्या शेवटीही कथा पूर्ण होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.