पीजेसिपची व्हिडिओ बिल्ड: लायब्ररी भक्कम, कॉन्फिगर मुका

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत हल्ली एक मागणी ठरलेली असते: गेटवर कॅमेरा, ऑफिसात स्क्रीन, आणि मधला कॉल आपल्याच सर्व्हरवरून. त्यासाठी सोर्ससकट मिळणाऱ्या लायब्रऱ्यांत आमची पहिली पसंती पीजेसिपला. इंटरनेटवरून कॉल लावायची जी ‘सिप’ नावाची नियमावली आहे, ती वापरणारी ही लायब्ररी. सी भाषेत लिहिलेली, हलकी, रास्पबेरी पायवरही नीट चालते. व्हिडिओ तिच्यात २.० आवृत्तीपासून आहे. आवाजाचा कॉल पटकन लागतो. व्हिडिओ मात्र आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय येत नाही, आणि माणूस अडकतो तो तिथेच.

मोठी तक्रार आधी. एखादी लायब्ररी सापडली नाही तर कॉन्फिगर, म्हणजे बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट, थांबत नाही. ‘नो’ एवढं छापतो आणि पुढे जातो. बिल्ड विनातक्रार पूर्ण होते, पण हातात पडते ती कॅमेरा किंवा एच२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) नसलेली लायब्ररी. म्हणून कॉन्फिगरचं आउटपुट फाइलीत साठवा. एसडीएल (चित्र दाखवणारी), व्ही४एल२ (लिनक्सवर कॅमेरा वाचणारी) आणि ओपनएच२६४ (एच२६४ करणारी) या तीन नावांपुढे काय आलंय ते वाचा, मगच मेक (प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा) चालवा. पीजेसुआ या नमुना प्रोग्रॅममध्ये ‘व्हिड डेव्ह लिस्ट’ टाकून यादी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात ‘कलरबार जनरेटर’ कॅमेरा नसतानाही असतो. कॅमेरा जोडूनही कॅप्चरसाठी कलरबारखेरीज काही दिसत नसेल तर व्ही४एल२ बिल्डमध्ये आलेलंच नाही, असं समजा.

उबंटू २२.०४ वर आधी हे घाला: बिल्ड-इसेन्शियल, नॅझम, लिबअसाउंड२-डेव्ह, लिबएसडीएल२-डेव्ह, लिबव्ही४एल-डेव्ह. नावातलं ‘डेव्ह’ विसरलात तर हेडर फाइली येत नाहीत आणि वर सांगितलेला ‘नो’ दिसतो. गेटवरच्या युनिटला स्क्रीनच नसेल तर एसडीएल सोडून द्या, ते फक्त चित्र दाखवायला लागतं.

मग ओपनएच२६४. इंटेल-एएमडी मशीनवर नॅझम (असेंब्ली कोड कंपाइल करणारा असेंबलर) नसेल तर त्याचा मेक तिथेच अडतो. यूज_एएसएम=नो देऊन पुढे रेटता येतं, पण मग सगळं एन्कोडिंग साध्या सी कोडवर पडतं आणि सीपीयूला घाम फुटतो. इन्स्टॉल झाल्यावर एलडीकॉन्फिग (नव्या लायब्रऱ्यांची सिस्टीममध्ये नोंद करणारी आज्ञा) चालवायला विसरू नका. नाहीतर बिल्ड होते, पण प्रोग्रॅम सुरू करताच शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही म्हणून बंद पडतो.

एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ हाताळणारा मोठा संच) लागतोच असं जुन्या सूचनांत दिसतं. आमचं मत स्पष्ट आहे: एच२६४ एवढंच हवं असेल तर नको. रंगांचं रूपांतर लिबयूव्ही करते आणि ती आता पीजेसिपसोबतच येते. शिवाय एफएफएमपेग ५.० मध्ये डिकोडिंगची जुनी फंक्शनं काढून टाकली. त्यामुळे जुनं पीजेसिप नव्या एफएफएमपेगसोबत कंपाइलच होत नाही. २२.०४ वर ४.४ आहे म्हणून चालतं, २४.०४ वर ६.१ असल्याने तीच बिल्ड मोडते. कॉन्फिगरला डिसेबल-एफएफएमपेग द्या, कटकट मिटते.

कॉन्फिग_साइट डॉट एच ही फाइल सोर्समध्ये नसते, ती पीजेलिबच्या इन्क्लूड/पीजे फोल्डरमध्ये आपण तयार करायची. त्यात पीजेमीडिया_हॅज_व्हिडिओ १ करा. पायथॉन बाइंडिंग (पायथॉनमधून ही लायब्ररी वापरायची सोय) हवं असेल तर सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरच्या पर्यायांत, एफपीआयसी आत्ताच घाला, नंतर लक्षात आलं तर सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं. मग कॉन्फिगर, मेक डेप, मेक. आपलं ॲप बांधतानाही हीच फाइल आणि पीकेजी-कॉन्फिगने दिलेले फ्लॅग वापरा. दोन्हीकडे मॅक्रो वेगळे पडले तर स्ट्रक्चरची मापं जुळत नाहीत, आणि ॲप भलत्याच जागी क्रॅश होतं.

कॉल लागला, आवाज आला, चित्र नाही? अकाउंट कॉन्फिगमध्ये व्हिड_इन_ऑटो_शो आणि व्हिड_आउट_ऑटो_ट्रान्समिट दोन्ही मुळात बंद असतात, ती चालू करा. समोरून आलेल्या एसडीपीत (कॉलमध्ये काय काय चालेल ते सांगणाऱ्या मजकुरात) व्हिडिओच्या ओळीत पोर्ट ० असेल, तर समोरच्याने व्हिडिओ नाकारला आहे. अशा वेळी आपला कॅमेरा तपासत बसू नका, दोन्हीकडच्या कोडेकच्या (आवाज-चित्र दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतींच्या) याद्या ताडून बघा.

कॅमेरा कच्ची चित्रं देत असेल तर ६४० बाय ४८० वर थांबा. ७२०पी, ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला ५५ एमबी. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ६० एमबी आहे, प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही आणि फ्रेम गळतात.

व्हिडिओ आल्यावर आणखी एक त्रास सुरू होतो, आणि त्याचं मूळ बिल्डमध्ये शोधून सापडत नाही. कोडेक वाढले की इन्व्हाइट, म्हणजे कॉल लावताना जाणारा सिपचा पहिला संदेश, लांबतो. १३०० बाइटच्या पुढे गेला की सिपच्या नियमाप्रमाणे पीजेसिप यूडीपी सोडून टीसीपीकडे वळतं. कारखान्याच्या फायरवॉलमध्ये सिपचा पोर्ट ५०६० फक्त यूडीपीसाठी उघडा असला तर ऑडिओ कॉल लागतात आणि व्हिडिओ कॉल लटकतात. टीसीपी उघडा, किंवा नको असलेले कोडेक काढून इन्व्हाइट लहान करा.

विकायचं उत्पादन बनवत असाल तर परवाने आधी बघा. पीजेसिप जीपीएल २ या मुक्त परवान्याखाली आहे, आपला कोड बंद ठेवायचा तर त्यांचा व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. ओपनएच२६४ ची पेटंट रॉयल्टी सिस्को भरते ती तिने स्वतः वाटलेल्या बायनरीपुरती. आपण सोर्सवरून बांधलेली प्रत त्यात येत नाही.