‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’: वाहवत जावं की खोदत बसावं?

एक घातक जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या मंडळींची गोष्ट सांगणारी टॉल्किनची ही इंग्रजी कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तिचे वाचक सरळसरळ दोन जातींचे.

मजेसाठी वाचणाऱ्याला वेग मिळतो. अंगठीसाठी काळे घोडेस्वार मागे लागलेले असताना वंशावळ कोण बघणार? गाणी कंटाळवाणी वाटली तर तो खुशाल पुढे सरकतो. सरकू द्यावं.

बारकाईने वाचणाऱ्याच्या हाती मात्र घबाड लागतं. परिशिष्टातला कालपट सांगतो, मंडळी रिव्हेन्डेल या मुक्कामाहून निघाली २५ डिसेंबरला आणि अंगठी नष्ट झाली २५ मार्चला. एक नाताळ, दुसरा मेरीला येशूच्या जन्माची वार्ता मिळाल्याचा सण. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता, त्यामुळे हा निव्वळ योगायोग वाटत नाही. आणखी एक गंमत. याच गोष्टीच्या आधीची कादंबरी ‘द हॉबिट’. तिच्या १९३७ च्या आवृत्तीत अंगठीचा तेव्हाचा मालक गोलम हा नायक बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस द्यायला तयार होता. १९५१ मध्ये टॉल्किनने तो प्रसंग बदलला आणि जुनी हकिगत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, असं ठरवून टाकलं! हे कळल्यावर भोळ्या बिल्बोकडे बघायची नजरच बदलते.

पण ही चटक लागली की माणूस टॉम बॉम्बाडिल या गूढ पात्रावर अंगठीचा अंमल का चालत नाही, याचा कीस काढत बसतो. (ते कोडं लेखकाने मुद्दामच ठेवलंय.)

पहिल्यांदाच वाचत असाल तर मजेसाठीच वाचा, आणि परिशिष्टं उघडूच नका. तिथे शेवट आधीच फुटतो.