खजुरी बाजारातलं जुन्या अंकांचं दुकान, टीव्हीवरच्या युद्धाला कंटाळला असाल तर नक्की जा

इंदूरला राजवाड्यावरून खजुरी बाजारात शिरलं की शाळेच्या पुस्तकांच्या दुकानांमध्ये एक अरुंद दुकान लागतं. बोर्डच नाही त्यामुळे नाव काय देणार, दारात सुतळीने बांधलेले जुन्या मासिकांचे गठ्ठे दिसले की समजायचं हेच. मी तीनदा जाऊन आले, पाचपैकी चार स्टार.

आधी का गेले ते सांगते. मे २०२५, ऑपरेशन सिंदूर चालू, ८ तारखेची रात्र. माझा मामेभाऊ फौजेत, मामी महूला एकटी, दर दहा मिनिटांनी तिचा फोन आणि इकडे काही चॅनलवाले कराची बंदर उडवलं म्हणून ओरडतायत. नंतर कळलं की तसं काही झालंच नव्हतं. मामी म्हणाली, "आता खरी बातमी आली तरी मी ओळखू कशी गं?" ते काही डोक्यातून जाईना, म्हणून वाटलं आधीच्या युद्धात लोकांना काय सांगत होते ते तरी बघू.

दुकानात १९७१ चं काही आहे का विचारलं तर काकांनी स्टूल पुढे केलं, "बैठ के देख लो बेटा, जल्दी क्या है." तासभर कोणी उठवलं नाही, उलट चहा आला. गठ्ठ्यात जानेवारी १९७२ चं एक इंग्रजी साप्ताहिक सापडलं, पानं कडेने पापडासारखी तुटत होती. त्यात जॅक अँडरसन या अमेरिकन पत्रकाराची हकीकत. आपलं युद्ध चालू असताना व्हाइट हाउस वरवर म्हणत होतं आम्ही भारताच्या विरोधात नाही, आणि आतल्या गुप्त बैठकांत राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर सांगत होते की राष्ट्राध्यक्षांना पाकिस्तानकडे झुकायचंय. त्या बैठकांची टिपणं अँडरसनच्या हाती लागली आणि त्याने ती सरळ छापली. १९७२ लाच त्याला पुलित्झर हा तिकडचा पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळाला.

त्या पानाच्या समासात कोणीतरी निळ्या शाईने, बारीक मराठी अक्षरात लिहिलंय: "आपले ६२ चे कागद कधी?" मी ते बघतच राहिले. चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ पासून कुलपातच आहे, त्यातला काही भाग २०१४ ला नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने नेटवर टाकला म्हणून थोडंफार बाहेर आलं. अमेरिकेचं गुपित फुटलं की आपण त्या पत्रकाराला डोक्यावर घेतो, आणि आपल्याकडचा कोणी असे कागद छापायला निघाला की लगेच देशद्रोही ठरवतो, हे मला पटत नाही. तुकडी कुठे चाललीय, विमानं कुठून उडणार, हे दाखवू नयेच, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने लाइव्ह कव्हरेज नको असं कळवलं ते बरोबरच होतं, माझाच भाऊ तिकडे होता. पण साठ वर्षांपूर्वी कोणाच्या चुकीने आपली माणसं बर्फात मेली हे लपवून आज कोणता जवान वाचतो? कारगिलचा सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल २००० साली काही भाग वगळून का होईना संसदेत ठेवला होता की, त्याने काय बिघडलं?

असो, दुकानाबद्दल. अंक ४० रुपयांना दिला, मी घासाघीस केली नाही. एक स्टार कापलाय तो उजेडासाठी, आत एकच पिवळा बल्ब आहे आणि बारीक टाइप वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. बऱ्याच गठ्ठ्यांना कसर लागलीय, उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. गाडी राजवाड्याकडेच लावा, गल्लीत जागा नाही. धुळीचा त्रास असेल तर तोंडाला रुमाल बांधा. १९६२-६३ चे मराठी अंक आले तर बाजूला ठेवा म्हणून मी काकांकडे नंबर देऊन आलेय, अजून फोन नाही, पुढच्या शनिवारी परत जाईन. मामीला पण यायचंय.