जुन्या जी-२९ च्या नावाखाली साडेअकरा हजार गेले: घरी रेसिंग कॉकपिट बांधणाऱ्यांनी हे वाचा

कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठी लागणारं वापरलेलं स्टिअरिंग व्हील (लॉजिटेक कंपनीचं जी-२९) विकतो असं सांगून एका माणसाने माझ्या भाच्याचे साडेअकरा हजार रुपये नेले. तो सापडलेला नाही. त्याची पद्धत अशी आहे की या विषयातलं चांगलं कळणारी मुलंच तिच्यात आधी अडकतात, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय. आत्ता कुणाचे पैसे असे नुकतेच गेले असतील तर पुढचं नंतर वाचा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

भाचा कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. आमच्याकडे गाड्यांचं वेड जुनं. इथे कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथली मुलं देशपातळीवर रेस करतात. पण ट्रॅकवर रोज जाणं कुणाच्या खिशाला परवडतं? घरी कॉम्प्युटर होताच. त्याने ठरवलं की सीट, फ्रेम, पेडल आणि व्हील असं पूर्ण कॉकपिट कमी पैशात स्वतःच बांधायचं. सुट्टीत एका गॅरेजमध्ये काम करून त्याने पैसे साठवले होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर घरात ‘खेळण्यापायी एवढे पैसे घालवले’ असं बोललं गेलं. ते पैसे त्याच्या घामाचे होते.

फ्रेमचं काम फार छान झालं. पीव्हीसी पाइपचे कॉकपिट व्हिडिओत दिसतात, स्वस्तही पडतात, पण व्हील जोरात ओढायला लागलं की ते डुलतात. म्हणून आम्ही शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याने चौकोनी एमएस (साध्या पोलादाचे) पाइप दाखवले. भाचा वजन वाचवायला वीस गेज मागत होता, तर ते म्हणाले, “सोळा गेज घ्या की. ब्रेकवर पाय मारणार न्हवं? वीसचा पाइप वाकतोय बघा.” सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडी, वीस गेज एक मिलिमीटरच्याही आत. त्यांचं खरं होतं. अशा कॉकपिटमध्ये सगळ्यात जास्त जोर स्टिअरिंगवर येत नाही, पेडलच्या पाटीवर येतो. जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे सरकतात आणि खुर्ची मागे जाते. सीट आणि पेडल एकाच फ्रेमला जोडले नाहीत तर सगळी मेहनत वाया. सीट भंगारातल्या मारुती ८०० ची मिळाली, रेल्ससकट. पाइप, वेल्डिंग, रंग आणि सीट मिळून साडेचार हजारांत उभं राहिलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ठोकून बघून घेतली होती.

राहिलं व्हील. कॉकपिटच्या खर्चाचा मोठा वाटा तेच खातं. तीन-चार हजारांत व्हील मिळतात, पण त्यांच्यात नुसतं व्हायब्रेशन असतं, फोर्स फीडबॅक नसतो. म्हणजे गाडीचा टायर घसरतोय हे हाताला कळतच नाही, नुसता थरथराट होतो. लॉजिटेकचं जी-२९ हे २०१५ सालचं मॉडेल. आत दोन मोटर आणि गिअर, ९०० अंश फिरणारं व्हील, क्लच धरून तीन पेडल. नवं घ्यायचं तर वीस हजारांच्या बरंच पुढे. म्हणून वापरलेलं शोधायचं, हे सगळेच करतात. आणि हे सगळेच करतात हे फसवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली. किंमत साडेअकरा हजार. अगदीच मातीमोल नाही, त्यामुळे शंका येऊ नये अशी. विक्रेता नागपूरचा असल्याचं सांगत होता, शुद्ध मराठीत बोलत होता. विकायचं कारण विचारलं तर म्हणाला, “मी आता डायरेक्ट ड्राइव्ह घेतलाय, हे पडून आहे.” या छंदात असंच होतं. गिअरच्या व्हीलवरून माणसं पुढे थेट मोटरवर बसवलेल्या महागड्या व्हीलकडे जातात आणि जुनं विकतात.

भाच्याने त्याची परीक्षा घेतली. जी-२९ च्या पेडलचं रीडिंग कधीकधी उड्या मारतं, तुमचे पेडल कसे आहेत, असं विचारलं. उत्तर आलं, “पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ बसते रे भावा. मी उघडून साफ केलेत. ब्रेकच्या आत रबर आहे ते कडक वाटेल, नको असेल तर काढून टाक.” फ्रेमला बसवायचं कसं, तर “खाली एम-६ चे दोन आटे आहेत, बोल्ट लांब घेऊ नकोस, आत लागेल.” (पोटेन्शिओमीटर म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग, एम-६ म्हणजे सहा मिलिमीटरचा बोल्ट.) सगळं बरोबर. त्याने उलट भाच्याला फ्रेमचे फोटो मागितले, पेडलच्या पाटीचा कोन थोडा वाढव म्हणून सल्ला दिला. तो सल्लाही चांगला होता. भाचा मला म्हणाला, “मामा, माणूस खरा आहे. त्याला यातलं सगळं माहीत आहे.”

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं इथेच आहे. माहिती असणं आणि वस्तू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटेन्शिओमीटरची धूळ, ब्रेकमधलं रबर, एम-६ चे बोल्ट हे सगळं जगजाहीर आहे, कुणीही संध्याकाळभर वाचून सांगू शकतो. आपण जितके बारीक प्रश्न विचारतो तितका त्याचा फायदा होतो, कारण प्रत्येक बरोबर उत्तरागणिक आपलाच विश्वास वाढत जातो. प्रश्न विचारून विक्रेता पारखता येत नाही.

पुढे ठरलेल्या पायऱ्यांनी सगळं झालं. आधी पॅकिंग आणि बुकिंगसाठी दोन हजार. यूपीआयवर नाव वेगळंच आलं. त्याने लगेच सांगितलं, “भावाचा नंबर आहे, माझी आजची लिमिट संपली.” यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेतल्या खात्याचं असतं. अशी खाती बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली असतात, आणि भाऊ, मेहुणा, मित्र ही कारणं त्यासाठी तयार ठेवलेली असतात. बोलणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. त्यासाठी दुसरं काही तपासायची गरज नाही.

मग कुरिअरच्या पावतीचा फोटो आला. नाव, पत्ता, पिनकोड, शिक्का, सगळं जागच्या जागी. सोबत ट्रॅकिंगची लिंक. लिंक उघडली की ‘पार्सल नागपुरातून निघालं’ असं दिसायचं. पावती आली म्हणून उरलेले साडेनऊ हजार गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला की इलेक्ट्रॉनिक माल आहे, विम्याचे चार हजार दोनशे भरावे लागतील, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. परत मिळणारे पैसे आधी भरा असं कुणी म्हटलं की पुढे ते पैसे कधीच परत येत नाहीत. आम्ही नाही म्हणालो. त्या क्षणापासून त्याचा फोन बंद.

ती पावती नंतर नीट पाहिली. वजनाच्या रकान्यात दीड किलो लिहिलेलं होतं. जी-२९ चं नुसतं व्हील सव्वादोन किलोचं आणि पेडल तीन किलोच्या वर. खोकं आणि अडॅप्टर धरून सहा किलोच्या आत हे पार्सल बसणारच नाही. म्हणजे माहितीत इतका पक्का असलेला माणूस वजनावर उघडा पडला, कारण त्याने ती वस्तू कधी उचललेलीच नव्हती. कुणी पावती पाठवली तर वजन आणि आकार आधी बघा, आणि त्याने दिलेली लिंक न उघडता कुरिअर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर टाका.

१९३० वर फोन केला. बँकेचं नाव, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारतात. तो क्रमांक यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात असतो. फोन लावण्याआधी तो कागदावर लिहून घ्या, घाबरलेल्या हातांना तो तेव्हा सापडत नाही. तक्रार क्रमांक मिळाला की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पुरावे चढवायचे. इथे मिनिटांना किंमत असते. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. पळण्याआधी तक्रार पोहोचली तर तेवढी रक्कम खात्यात गोठवता येते. भाच्याच्या साडेअकरा हजारांतला थोडाच भाग असा गोठला. तोही हातात यायची अजून वाट बघतोय.

बँकेत गेलो तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला संरक्षण आहे. पण इथे पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँक तो व्यवहार तुमच्या संमतीचा धरते. म्हणूनच हे लोक ओटीपी मागत नाहीत, खातं हॅक करत नाहीत. ते तुमच्याच हाताने पैसे पाठवून घेतात.

पोलीस ठाण्यात ‘माणूस नागपूरचा, तिकडे जा’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे आणि तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी. आमच्या इथल्या हवालदारांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, भाच्याला बसायला खुर्ची दिली. त्या दिवशी त्याची फार गरज होती.

यानंतर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. भाच्याने गेमिंगच्या एका ग्रुपवर अनुभव टाकला. दोन दिवसांत फोन आला, “सायबर सेलमधून बोलतोय. तुमची रक्कम सापडली आहे. रिलीज करायला पंधराशे रुपये फी भरा.” तक्रार क्रमांक विचारल्यावर फोन कट. म्हणजे फसलेल्या माणसांच्या पोस्ट शोधून त्यांनाच पुन्हा लुटणारी टोळी वेगळी आहे. पोलीस रक्कम परत देण्यासाठी फी घेत नाहीत. अनुभव जरूर लिहा, पण त्यात स्वतःचा नंबर आणि नेमकी रक्कम देऊ नका. मी इथे लिहिली आहे ती भाच्याला विचारून, आणि असा फोन आला तर काय करायचं हे आता आम्हाला माहीत आहे.

विकणाऱ्यांनाही सांगतो. भाच्याने त्याचं जुनं व्हायब्रेशनवालं व्हील विकायला काढलं होतं. तेव्हा एकाने स्वतःला लष्करातला जवान म्हणवून, घासाघीस न करता पैसे देऊ केले आणि क्यूआर कोड पाठवला: ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो.

शेवटी व्हील मिळालं इचलकरंजीत, विकणाऱ्याच्या घरी जाऊन. जी-२९ तपासायचं कसं ते सांगतो. अडॅप्टर लावून यूएसबी जोडली की व्हील आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मध्यावर येतं. हे झालं नाही तर मोटर, अडॅप्टर किंवा सेन्सरमध्ये दोष आहे. ‘अडॅप्टर हरवलाय, पण चालतं’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, अडॅप्टरशिवाय फोर्स फीडबॅक येतच नाही. मग विंडोजमधल्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत तिन्ही पेडल हळूहळू दाबा. पट्टी सरळ वर जायला हवी, मध्येच उड्या मारत असेल तर साफसफाई किंवा नवा पोटेन्शिओमीटर लागणार, तेवढी किंमत कमी करून घ्या. व्हील हाताने डावी-उजवीकडे फिरवून गिअरचा खडखडाट ऐका. व्हीलखालचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का बघा. पैसे त्यानंतर, समोर बसून, त्याच माणसाच्या नावाच्या खात्यात. विक्रेता लांबच्या गावचा असेल तर त्या गावातला ओळखीचा माणूस पाठवा. ओळखीचं कुणी नसेल तर तो सौदा सोडून द्या. व्हिडिओ कॉलवर व्हील फिरताना दिसलं तरी ते पार्सलमध्ये पडेल याची खात्री कुणी देत नाही.

फसवणाऱ्याच्या जाहिरातीतले फोटो त्याचे नव्हतेच. तेच फोटो आम्हाला दुसऱ्या राज्यातल्या एका जुन्या जाहिरातीत सापडले. ते ओळखायच्या खुणा अशा: हिरव्या चटईवर ठेवलेलं व्हील, व्हीलमागच्या डाव्या पॅडलवर (गिअर बदलायच्या पट्टीवर) आडवा ओरखडा, मागे न रंगवलेली विटांची भिंत. नाव आणि गाव बदलून ही जाहिरात पुन्हा वर आलेली आम्ही पाहिली आहे. कुठे दिसली तर त्या अ‍ॅपवर लगेच रिपोर्ट करा, आणि स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोर्टलवर संशयिताची माहिती म्हणून टाका. त्यासाठी तुमचे पैसे गेलेले असावे लागत नाहीत.