२०१२ च्या लॅपटॉपवर गोडो ४.३ : जमिनीचं टेक्श्चर फाटतंय म्हणून मशीन टाकू नका

गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिन, सहा-सात महिने रोज वापरून मग लिहितोय. मशीन आधी सांगतो. २०१२ चा लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय५, इंटेल एचडी ४०००, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ४ जीबी रॅम आणि त्यातलीच ग्राफिक्सलाही जाते, वर लिनक्स. प्रोजेक्ट म्हणजे हरिश्चंद्रगडाचा परिसर थ्रीडीमध्ये, खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढून कोकणकड्यापर्यंत चालत जाता यावं असा.

गोडो ४ मध्ये रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारे भाग, तीन आहेत, फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कंपॅटिबिलिटी. पहिल्या दोघांना ग्राफिक्स चिपशी बोलायला वल्कनसारखं नवं काहीतरी लागतं आणि माझ्या चिपला लिनक्सवर वल्कन अर्धवटच आहे, मेसा हा लिनक्सवरचा ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःच तशी वॉर्निंग देतो, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. कंपॅटिबिलिटीला त्या कामासाठी जुनं ओपनजीएल ३.३ पुरतं. नवीन प्रोजेक्ट करतानाच तो निवडा, हा सगळा रिव्ह्यू त्याचाच आहे.

पहिल्याच आठवड्यात जमिनीच्या टेक्श्चरवर, म्हणजे तिच्यावर चिकटवलेल्या चित्रांवर, घाण दिसायला लागली, म्हणजे गवत आणि लाल माती जिथे मिळतात तिथे काळपट रेघ, कॅमेरा फिरवला की मातीचा एक पट्टा काळा व्हायचा, आणि माथ्यावर पायऱ्या पायऱ्या. मी घाबरून रिपेअरिंगच्या दुकानात गेलो, तर तिथल्या माणसाने स्क्रीन बघितली आणि म्हणाला ग्राफिक्स चिप गेली, रिबॉलिंग (चिप काढून परत सोल्डर करणं) करावं लागेल, नाहीतर नवीनच घ्या. पैसे नव्हते म्हणून परत आलो आणि ते फार बरं झालं, कारण चिपला काहीही झालेलं नव्हतं!

हे कसं कळलं ते नीट सांगतो, कारण जुनं मशीन असलेल्या प्रत्येकाने सगळ्यात आधी हेच करायला पाहिजे. मेसामध्ये एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून द्यायची सेटिंग) आहे, लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर नावाचा, मधे अंडरस्कोअर आणि सगळी अक्षरं कॅपिटल. त्याला १ देऊन टर्मिनलमधून गोडो चालू केला की चित्र काढायचं सगळं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करतो. भयंकर स्लो होतं, सेकंदाला दोन-चार फ्रेम, पण आपल्याला खेळायचं नाहीये, बघायचंय. इथेही तोच ग्लिच दिसला तर चूक तुमच्या शेडरमध्ये (रंग-उजेड ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) किंवा डेटामध्ये. इथे गायब झाला तर चिपची मर्यादा किंवा ड्रायव्हर. माझी काळी रेघ आणि पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या, काळा होणारा पट्टा मात्र गेला. म्हणजे तीन ग्लिच आणि दुखणी वेगवेगळी.

रेघेचं कारण असं की कुठे गवत किती आणि माती किती हे सांगणारा जो स्प्लॅटमॅप असतो त्याला मी शेडरमध्ये सोर्स कलर हा हिंट (इंजिनला दिलेली सूचना) लावून ठेवला होता. त्यामुळे इंजिन त्याला रंगीत फोटो समजून त्याचे आकडे बदलतं, ०.५ चं जवळपास ०.२१ होतं. गवत अर्धं आणि माती अर्धी मिळून १ यायला पाहिजे तिथे ०.४३ येतं, म्हणजे बरोबर सीमेवर अंधार. हिंट काढला, रेघ गेली. आणि स्प्लॅटमॅप इम्पोर्ट करताना लॉसलेस (काहीही न गाळता) ठेवा, व्हीरॅम कॉम्प्रेशन (ग्राफिक्स मेमरी वाचवायला चित्र दाबणं) लावलं तर कडा चौकोनी चौकोनी तुटतात.

काळा पट्टा ही खरी जुन्या हार्डवेअरची गोष्ट. ओपनजीएल ३.३ मध्ये एका फ्रॅगमेंट शेडरला (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या शेडरला) किमान १६ टेक्श्चर मिळण्याची हमी आहे आणि आयव्ही ब्रिजवर, म्हणजे माझ्या तिसऱ्या पिढीच्या चिपवर, मिळतात तेवढीच. माझे जमिनीचे थर (गवत, माती वगैरे) सहा, प्रत्येकाचा रंग आणि नॉर्मल मॅप (बारीक उंचसखलपणा दाखवणारं चित्र) मिळून १२, दोन स्प्लॅटमॅप, एक उंचीचा, एक जमिनीच्या नॉर्मलचा, झाले की १६! वर इंजिनला स्वतःला सावली आणि आकाशासाठी काही जागा लागतात त्या वेगळ्याच. सूर्याची सावली बंद केली की माझा पट्टा नीट व्हायचा, तिथेच मला समजलं की जागेची मारामारी चालू आहे. उपाय टेक्श्चर अ‍ॅरे. त्यात अनेक चित्रं गड्डी करून एकाच जागेत बसतात. सहाही रंग एका अ‍ॅरेत, सहाही नॉर्मल दुसऱ्यात, बाराचे दोन झाले. फक्त एका अ‍ॅरेतली सगळी चित्रं एकाच मापाची आणि एकाच फॉरमॅटची पाहिजेत. माझा एक मुरुमाचा फोटो १०२४ पिक्सेलचा होता आणि बाकी २०४८ चे, त्यात एक संध्याकाळ गेली.

पायऱ्यांचं म्हणाल तर उंचीचा नकाशा मी आधी ८ बिटचा घेतला होता. कोकणातल्या तळापासून माथ्यापर्यंत माझ्याकडे साधारण १३०० मीटरचा फरक आहे, २५६ पायऱ्यांत वाटला की एक पायरी पाच मीटरची, सगळा डोंगर भातखाचरांसारखा दिसायचा. मग हाफ फ्लोट (१६ बिटचे दशांश आकडे) केला तर खालचा भाग सुंदर झाला आणि माथ्यावर परत पायऱ्या, कारण हाफ फ्लोटमध्ये १०२४ च्या वर गेलं की दोन आकड्यांमधलं अंतर १ होतं, म्हणजे एक मीटर, आणि गडाचा माथा नेमका त्याच्या वर. ३२ बिट फ्लोट केल्यावर सुटलं. नासाच्या २००० सालच्या शटल मोहिमेचा उंचीचा डेटा वापरत असाल तर जुन्या फाइल्समध्ये तीव्र उताराजवळ भोकं असतात, तिथे -३२७६८ लिहिलेलं असतं आणि गेममध्ये पाताळात जाणारा खड्डा दिसतो. भोकं भरलेली आवृत्ती घ्या.

मेमरीचं पटकन सांगतो. २०४८ चं एक टेक्श्चर कॉम्प्रेशनशिवाय मिपमॅप (लांबून दाखवायच्या छोट्या प्रती) धरून २१ एमबीच्या वर जातं, अशी १२ म्हणजे २५६ एमबी, डीएक्सटी५ या व्हीरॅम कॉम्प्रेशनने तीच ६४ मध्ये बसतात. ४ जीबीच्या मशीनवर हा फरक हाताला जाणवतो. आणि मिपमॅप बंद करू नका, लांबचं गवत मुंग्या फिरल्यासारखं वळवळतं.

आता जे आवडलं नाही ते. गोडोत स्वतःचा टेरेन नोडच (जमीन बनवायचा तयार भाग) नाही, प्लगिन घ्या नाहीतर माझ्यासारखं हाताने लिहा, आणि सह्याद्रीसारखी जमीन करणाऱ्याला हे फार खटकतं. कंपॅटिबिलिटीत डिकल (वरून चिकटवायचे डाग-खुणा) नाहीत, व्हॉल्युमेट्रिक फॉग (हवेत भरलेलं खरं वाटणारं धुकं) नाही, त्यामुळे पावसाळ्यात कड्यावरून वर येणारं धुकं मला साधे पारदर्शक पडदे लावून करावं लागलं आणि ते मनासारखं झालेलं नाही. उभ्या कातळावर टेक्श्चर रबरासारखं ताणलं जातं, त्याला ट्रायप्लॅनर, म्हणजे तीन दिशांनी टेक्श्चर लावणं, हा उपाय आहे पण त्यात प्रत्येक टेक्श्चर तीनदा वाचावं लागतं. सगळ्या थरांना लावलं तर एचडी ४००० ला धाप लागते, मी फक्त कातळाच्या थराला लावलं आणि चालणं सुरळीत झालं.

एवढं असूनही मी साडेचार स्टार देतोय. फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे आणि ज्या पोरापोरींकडे घरातला जुना लॅपटॉप एवढंच आहे त्यांनाही यात खरंच काम करता येतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. ज्यांना हेच करायचंय त्यांनी आधी सॉफ्टवेअरवाली टेस्ट करा, मग शेडरमधली टेक्श्चर बोटांवर मोजा, आणि तोपर्यंत दुकानात जाऊ नका.

माझा कोकणकडा अजून बाकी आहे. तो आत वळलेला, आणि हाइटमॅपला, म्हणजे उंचीच्या नकाशाला, एका जागी एकच उंची माहीत असते, त्यामुळे तो जमिनीच्या नकाशातून कधीच येणार नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा मेश (थ्रीडी आकार) करून चिकटवतोय, सांधा अजून दिसतोय.