जीसॅप, मोशन की ॲनिमे जेएस?

वेबपानावर हालचाल आणायला जीसॅप, मोशन, ॲनिमे जेएस अशा जावास्क्रिप्ट लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) मिळतात. त्यांतली लायब्ररी शोधायला बसण्याआधी एवढं ठरवा: तुमच्या हालचाली एकमेकींवर अवलंबून आहेत का? बटणावर माउस नेला की रंग बदलणं, मेनू सरकत उघडणं, कार्ड हळूच उमटणं एवढंच हवं असेल तर लायब्ररी घेऊच नका. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्या ट्रान्झिशनमध्ये काम भागतं. थोडा जास्त ताबा हवा असेल तर जावास्क्रिप्टमधून हालचाल चालवायला ब्राउझरचंच वेब ॲनिमेशन्स एपीआय आहे. २०२० पासून ते सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतं आणि पानाचं वजन एका बाइटनेही वाढवत नाही.

खरी अडचण सुरू होते ती क्रम आला की. समजा, पान उघडल्यावर आधी शीर्षक खालून वर येतं, मग चित्र उमटतं, मग मजकुराच्या ओळी, शेवटी बटण. सीएसएसमध्ये प्रत्येकाला वेगळा डिले (सुरू होण्याआधीचा विलंब) द्यावा लागतो. डिझायनर म्हणाली, "चित्र अर्धा सेकंद आधी आण," की त्यापुढचे सगळे आकडे हाताने बदलायचे. असं पान मी एकदा केलंय. डझनभर घटक झाल्यावर कुठला आकडा कशासाठी टाकला होता, तेच कळेना.

जीसॅप इथे सगळ्यांत भक्कम. तिच्या टाइमलाइनमध्ये प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीच्या हिशेबाने बसते: ती संपल्यावर, संपायच्या अर्धा सेकंद आधी, किंवा तिच्याबरोबरच. त्यामुळे वरचा बदल एकाच जागी होतो आणि पुढचं सगळं आपोआप सरकतं. अख्खी टाइमलाइन थांबवता येते, उलटी फिरवता येते, स्क्रोलट्रिगर हे प्लगइन (जोडभाग) वापरून स्क्रोलला बांधता येते. एखादा भाग पडद्यावर धरून ठेवून त्यात चार दृश्यं बदलायची असतील तर मी दुसरीकडे बघतच नाही. अक्षरं सुटी करणारं स्प्लिटटेक्स्ट, आकार बदलणारं मॉर्फएसव्हीजी ही प्लगइन्स पूर्वी सभासदत्व घेऊनच मिळायची. वेबफ्लोने जीसॅप विकत घेतल्यानंतर, २०२५ मध्ये ती सगळी मोफत झाली. मात्र मोफत म्हणजे मुक्तस्रोत नव्हे. वेबफ्लोशी स्पर्धा करणारं, कोड न लिहिता ॲनिमेशन बनवायचं साधन तुम्ही तयार करत असाल तर परवाना आडवा येतो. साध्या वेबसाइटला तो अडवत नाही, पण वाचून घ्या.

मोशन, म्हणजे पूर्वीची फ्रेमर मोशन, रिॲक्टवाल्यांसाठी (रिॲक्ट म्हणजे सुटे घटक जोडून पान रचायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). तिचं मोल यादीतला एक घटक काढताना कळतं. रिॲक्ट तो घटक डॉममधून, म्हणजे ब्राउझरकडच्या पानाच्या रचनेतून, तत्काळ काढून टाकतं, मग तो विरघळत जाणार कसा? मोशनचं ॲनिमेटप्रेझेन्स त्याला जाण्याची हालचाल पूर्ण होईपर्यंत धरून ठेवतं. लेआउट ॲनिमेशन दिलं असेल तर उरलेले घटक रिकाम्या जागेत उडी न मारता सरकत येतात. हे हाताने लिहायचं तर आधीची जागा मोजा, नंतरची मोजा, फरक ट्रान्सफॉर्ममध्ये (घटक सरकवणारा, फिरवणारा सीएसएस गुणधर्म) भरा, असा सगळा खटाटोप. शिवाय मोशन जमेल तिथे ब्राउझरच्याच ॲनिमेशन यंत्रणेवर काम सोपवते, त्यामुळे जावास्क्रिप्ट जिथे चालते तो मुख्य थ्रेड गुंतलेला असला तरी हालचाल अडखळत नाही. पण एक्स, वाय (आडवं, उभं सरकणं) असे सुटे गुणधर्म दिलेत तर हा फायदा जातो; ट्रान्सफॉर्म अख्खा लिहावा लागतो. ही बाब बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. परवाना एमआयटी, म्हणजे मुक्तस्रोत. रिॲक्टशिवायही वापरता येते, पण लांबलचक क्रम रचायला मला जीसॅपच बरी वाटते.

ॲनिमे जेएस चौथ्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, नव्याने लिहिली गेली. हवे तेवढेच भाग आयात करता येतात, टाइमलाइन आहे, स्क्रोलला बांधता येतं, परवाना एमआयटी. रिॲक्ट नाही, परवान्याची भानगड नको आणि प्रभाव मोजकेच आहेत, तर हीच घ्या. जुने धडे वाचून लिहू नका, तिसऱ्या आवृत्तीची वाक्यरचना चौथीत चालत नाही.

डिझायनर आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन बनवून देत असेल तर प्रश्नच वेगळा: ते पानावर चालवायला लॉटी लागते. खरं त्रिमितीय दृश्य हवं असेल तर थ्री जेएस.

जीसॅप, मोशन, ॲनिमे जेएस या तिन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी रुंदी, उंची, टॉप, लेफ्ट हलवू नका. त्याने ब्राउझरला दर फ्रेमला मांडणी पुन्हा मोजावी लागते, आणि ६० फ्रेमच्या हिशेबाने हातात जेमतेम १६ मिलिसेकंद असतात. ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीवर (पारदर्शकतेवर) भागवा. ज्यांनी आपल्या फोनवर हालचाल कमी ठेवायची सेटिंग लावली आहे, त्यांना स्क्रोलसोबत सरकणारी पार्श्वभूमी बघून खरोखर भोवळ येऊ शकते. तिन्ही लायब्रऱ्यांत ती सेटिंग ओळखून हालचाल बंद करण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी लावा.

आणि लायब्ररीने हलणाऱ्या घटकावर सीएसएसमध्ये सरसकट ट्रान्झिशन लावलेलं राहिलं असेल तर ते काढा. लायब्ररी दर फ्रेमला नवं मूल्य देते, ट्रान्झिशन तिथपर्यंत सावकाश पोचायला बघतं, आणि घटक चिखलातून ओढल्यासारखा मागे रेंगाळतो. अशा वेळी दोष लायब्ररीवर जातो आणि नसती बदलाबदली सुरू होते.