रबरी कोंबडी आणि पॉकेट सॅम्पलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या पंधरवड्यात माझ्या पॉकेट सॅम्पलरचं, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून तो पॅडवर वाजवायच्या छोट्या मशीनचं, रेकॉर्डचं बटण गेलं. आधी तीनदा दाबल्यावर एकदा लागायचं, मग तेही बंद. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन उघडूनही न बघता सांगून टाकलं, "मेन बोर्ड बदलावा लागेल, ३,२०० रुपये." अख्खं मशीन मी सेकंडहँड ६,००० ला घेतलंय! बोर्डाला काय झालंय ते दाखवा म्हटलं, तर दाखवायला कोणी तयार नाही. तशीच उठले आणि पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठली. तिथल्या काकांनी माझ्यासमोर चार स्क्रू काढले, मीटर लावला. "ताई, बोर्ड ठणठणीत आहे. बटणाखालचा स्विच गेलाय." मजुरीसकट १५० रुपये. तेव्हापासून एकदाही अडकलेलं नाही.

मेमरी किती, पॅड किती, हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत उगाळत नाही. मी हे घेतलं ते आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, खेळण्यांमधून गाणी करायला. घरी लहान मुलांना पेटी शिकवते. सा धरायचा मुलांना कंटाळा, पण चिंगीने रबरी कोंबडी दाबली की तिचा सूर पेटीवर शोधायला सगळी धावतात. कोंबडी काळी चारला सुरू होते आणि हवा संपत आली की पांढरी पाचपर्यंत घसरते. चांगली मींड आहे ती, सहज हाताला लागत नाही.

आता खरी तक्रार. ऑटो-रेकॉर्डला आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की मगच रेकॉर्डिंग सुरू होतं. त्यात सुरुवात कापली जाते. कोंबडी ओरडण्याआधी एक बारीक ‘फिस्स’ येतो, भात्यातून हवा निघून पट्टी हलायला लागेपर्यंतचा. तो गेला की उरतो नुसता कर्कश चीत्कार, दाराच्या बेलसारखा. पेटीतही भाता भरल्यापासून सूर बोलेपर्यंत एक क्षण असतो, तो कापून ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. ती पातळी (थ्रेशोल्ड) अगदी तळाला नेली तर पंख्याच्या आवाजानेच रेकॉर्डिंग सुरू होतं. एप्रिल-मे मी पंखा बंद करून, घामाघूम होऊन काढले. एवढ्या मशीनला एक सेकंद मागचं धरून ठेवायची सोय देता आली नसती का?

दोन महिन्यांनी मी याला दोनच तारे दिले होते, ‘आवाज निर्जीव येतो’ म्हणून. ते मत आता बदललं आहे. फोनवर आधीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, चिंगीला मनसोक्त खेळू द्यायचं, मग तो आवाज वायरने लाइन-इनमधून आत घ्यायचा आणि सुरुवात हाताने कापायची. ‘फिस्स’ परत आला. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी चिंगीने पहिल्यांदा स्पीकरकडे मान वाकडी करून बघितलं, एक कान उभा, एक पडलेला. आधीच्या चीत्काराला ती ढुंकूनही बघत नव्हती. तरी खरी रबरी कोंबडी वाजल्यावर घेते तशी झेप ती घेत नाही. कुत्र्यांना साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले (सॅम्पलिंग) की त्याच्या निम्म्याच्या, २२,०५० हर्ट्झच्या, वरचं काही उरतच नाही. तिच्या कानाला त्यात बरंच काही कमी असणार.

एक सप्तक वर वाजवलं की आवाजाची लांबी निम्मी होते, खाली नेलं की दुप्पट. दोन सेकंदांची कोंबडी मंद्रात चार सेकंद चालते आणि थेट शंखासारखी घुमते. मुलांना हेच सगळ्यात आवडतं. केरवा ताल बांधला तो टेनिस बॉलच्या टप्प्यांवर. फरशीवरची नखांची टकटक वेगळ्या पॅडवर घेतली. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मिळाली अचानक: पाणी पिताना चिंगीच्या पट्ट्याचं बक्कल स्टीलच्या वाडग्यावर आपटतं, ‘ठण्ण’. इतकी स्वच्छ सम तबल्यावरही रोज मिळत नाही.

कुत्र्यावर गंभीर संगीत होत नाही असं म्हणणाऱ्यांनी इंग्रज संगीतकार एल्गारच्या १८९९ मधल्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’मधलं अकरावं ऐकावं. हेरफर्डच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक सिंक्लेअर यांचा बुलडॉग डॅन वाय नदीत घसरून पडला, प्रवाहाविरुद्ध पोहला, काठाला लागल्यावर भुंकला. हे सगळं पहिल्या काही क्षणांतच येऊन जातं. ते भुंकणं एवढं आनंदाचं वाटतं, कारण त्याच्या आधी धडपड आहे. कोंबडीच्या ‘फिस्स’साठी मी का भांडतेय, ते तिथे कळतं.

बॅटरी ठीक. स्पीकर यथातथाच, बाहेरचा जोडा.

सॅम्पल मात्र लगेच कार्डावर घेऊन ठेवा. गेल्या महिन्यात चिंगीने कोंबडी फाडून आतली शिट्टी उपटली. गिळायच्या आत तिच्या तोंडातून काढली, पण कोंबडी कायमची गप्प झाली. त्याच दुकानातून, तशीच दिसणारी दुसरी आणली. ती पांढरी सहाला बोलते.